पाय उचलल्यावर

साठपर्यंत काही नाही.
साठ ओलांडताना, पामबीचवर, डावीकडे खाडी,
मागच्या सीटवरच्या निळ्या पेटीत नळ्या बोलायला लागतात.
आधी एक, मग शेजारची, मग अख्खा स्टँड.
जांभळी टोपणं, लाल टोपणं, पिवळी,
पहाटेपासून करावे ते सीवूड्स
उपाशीपोटी माणसांकडून गोळा केलेली.

लॅबमधून फोन येतो:
"सुलक्षणाताई, रक्त फुटलंय. परत घ्या."
म्हणजे पुन्हा सेक्टर अठ्ठेचाळीस, पुन्हा पिंगुळकर काका.
ते बाही वर करतात, काही बोलत नाहीत.
सुई त्यांना. टोचतं मला.

वाशीत म्हणाले, बॅलन्सिंग.
चारही चाकांना शिशाचे तुकडे ठोकले, साडेसहाशे.
कोपरखैरण्यात म्हणाले, प्लग.
बदलले.
तिथल्याच पोराने जाताजाता टायर दाखवले,
"मॅडम, चारही घ्या, स्कीम आहे."
नवरा म्हणाला, विकून टाक.
नळ्या वाजतच होत्या.

तुर्भ्यात, मिरचीच्या गोदामामागे
हिराजी मढवीचं गॅरेज. पाटी नाही.
आत शिरलं की दोन शिंका, मग बोलणं.
बॉनेट उघडलं नाही त्याने. विचारलं,
"पाय उचलल्यावर?"
"म्हणजे?"
"साठला थरथरते. पाय उचला.
गाडी अजून साठलाच पळतेय. तेव्हा?"

मला माहीत नव्हतं.
आठ महिने तिच्यात बसतेय
आणि मला माहीत नव्हतं.

दुपारी दोनला निघालो, ठाणे-बेलापूर रस्ता.
तो मागे, पेटीला खेटून, चप्पल काढून,
अनवाणी तळवे गाडीच्या तळाला लावून.
"दाबा."
नळ्या वाजल्या.
"सोडा."
गप्प. वर्गात मास्तर आल्यासारख्या.
दाबा. सोडा. घणसोलीचा पूल, रबाळे, मागे फिरून पुन्हा पूल.
"चाक असतं तर सोडल्यावरही बोललं असतं.
चाकाला फक्त फिरण्याशी मतलब.
हे ओझ्याचं दुखणं आहे."

जॅकवर घेतली. डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला
ग्रीसचा फटकारा, कुणी पिचकारी मारावी तसा.
रबरी बूट फाटलेला, बोटभर.
अ‍ॅक्सल ओढून काढला, टोकाशी तीन रोलर,
लोखंडी बेलाचं पानच.
ते ज्या वाटीत फिरतं, तिच्या खोबणीत
त्याने माझं बोट धरून फिरवलं.
"लागलं?"
मी डोळे मिटले, शीर शोधताना मिटते तसे.
लागलं. नखाएवढासुद्धा नाही, पण खड्डा.
"ग्रीस गेलं, माती आली.
मोकळी असते तोवर ठीक. जोर लागला
की त्याच खड्ड्यात जाते, बाहेर येते, परत जाते."

नवा अ‍ॅक्सल दुसऱ्या दिवशी आला.
शेवटचा नट आवळताना मी पाहिला त्याचा उजवा हात.
पाना उचलला की थरथर.
मांडीवर टेकवला की नाही.
गप्प बसायचं ठरवलं होतं.
"कधीपासून?"
"काय?"
"टेकवल्यावर थांबतो ना?"
त्याने पाना खाली ठेवला.
पोराला म्हणाला, चहा सांग, दोन.

चहा संपल्यावर त्यानेच बाही वर केली.
कोपरापासचं ग्रीस मी स्पिरिटने पुसलं,
बोळा काळा. दुसरा, काळा. तिसरा, राखाडी.
शीर अशी की नवख्या पोरीलाही मिळावी.
एक पिवळं टोपण, एक जांभळं.
थायरॉइड, साखर, सुरुवातीला एवढंच बघू, म्हटलं.
"आणि नाहीच निघालं काही?"
"मग दुसरं विचारू."

लॅबला सरळ न जाता पामबीचला वळले.
साठ. सत्तर.
पेटी गप्प.
सत्तरला मला ऐकू आलं,
डाव्या दाराची काच खुळखुळतेय.
कधीपासून, कोण जाणे.